शिबिरातून परत आलेल्या सहा जणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्या कराडमध्ये भरलेल्या, कुत्र्याची पिल्लं दत्तक देण्याच्या शिबिराचा फोटो आला. नऊ जण ओळीने उभे, प्रत्येकाच्या हातात एकेक पिल्लू, मागे फलक. बातमीत लिहिलं होतं की शिबिराला उत्स्फूर्त प्रतिसाद मिळाला. ते खरं आहे. सकाळी नऊपासून मी तिथे टेबलाशी बसून अर्ज भरून घेत होतो, त्यामुळे गर्दी डोळ्यांनी पाहिली. पण फोटो काढताना पिंजरा बाजूला राहिला. शिबिराला सोळा पिल्लं आणली होती. नऊ गेली, सात राहिली. गेलेल्या नऊत आठ नर आणि एक मादी. राहिलेल्या सातांत सहा माद्या, आणि सातवा नर होता तो मागच्या पायाने लंगडा. धडधाकट नर एकही उरला नाही, आणि सात माद्यांतल्या सहा जणी जशा टेंपोतून आल्या तशा टेंपोतून परत गेल्या. त्या सहा जणींसाठी हे पत्र लिहितो आहे. थोडं लांबेल, पण शक्य असेल तर पूर्ण छापावं ही विनंती.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. एकतीस वर्षं नोकरी केली, २०१९ साली निवृत्त झालो. पाटण, कराड, खटाव या तालुक्यांतली गावं मोटारसायकलवर पालथी घातली. घटसर्प-फऱ्याच्या लसी, लाळ्या-खुरकुताच्या लसी, कृत्रिम रेतन, अडलेली गाय, फुगलेली म्हैस, हे माझं रोजचं काम. कुत्र्यांशी संबंध यायचा तो पिसाळलेलं कुत्रं जनावराला चावलं म्हणून कोणी धावत आलं तरच. तेव्हा कुत्र्यांचा जाणकार म्हणून मी बोलत नाही. गोठ्यात आयुष्य गेलेला माणूस म्हणून बोलतो, आणि गोठ्यातलीच एक गोष्ट आधी सांगतो.

गाय व्यायली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: काय झालं? कालवड म्हटलं की घरात दिवाळी. मी स्वतः कित्येक घरी कालवडीचे पेढे खाल्ले आहेत. गोऱ्हा झाला की माणूस गप्प होतो, आणि म्हशीला रेडा झाला की त्याच्या वाट्याला नीट चीकसुद्धा येत नाही. आता तर बहुतेक वेळा कालवडच व्हावी अशी वेगळी रेतमात्रा निघाली आहे, आणि शेतकऱ्याचा खर्च बघता ती वापरणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्याच घराच्या अंगणातली कुत्री व्याली की हिशेब बरोबर उलटा होतो. तिथे नर ठेवतात, माद्या पोत्यात जातात. दुधासाठी मादी हवी, राखणीला नर हवा. एकाच अंगणात, एकाच माणसाच्या हातून. आपल्याला लागतं ते ठेवायचं, लागत नाही ते नजरेआड करायचं. हे मी एकतीस वर्षं पाहिलं आणि एकदाही त्यावर बोललो नाही, कारण ते माझ्या कामात बसत नव्हतं. आज याचं मला फार वाईट वाटतं.

पोतं म्हटलं ते बोलण्याच्या भरात नाही. निवृत्त झालो त्याच वर्षी, मार्गशीर्षातल्या एका पहाटे कृष्णेच्या घाटाकडे फिरायला गेलो होतो. जुन्या पुलाच्या अलीकडे झुडपात युरियाचं पोतं पडलं होतं, तोंडाला सुतळी. आतून आवाज येत होता. कुत्र्याचा वाटत नव्हता, मांजराचाही नाही, बारीक शिट्टीसारखा. सुतळीची गाठ दवाने फुगली होती, सुटेना. शेवटी दाताने सोडवली. आत चार पिल्लं होती, चारही माद्या. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले, बेंबीचा सुकलेला तुकडा एकीला अजून लटकत होता. पिल्लाचे डोळे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात, आणि बेंबी अजून गळली नव्हती म्हणजे ही तीन-चार दिवसांची असणार. ज्याने पोतं बांधलं त्याने एकेक पिल्लू उलटं करून पाहिलं असणार, नर बाजूला काढले असणार. काम नीट, वेळ घेऊन केलेलं होतं. हा विचार आजही माझ्या डोक्यातून जात नाही.

ती मी मफलरमध्ये गुंडाळून घरी आणली. पत्नीने काही विचारलं नाही. चुलीवर पाणी ठेवलं, बाटलीत भरलं, बाटली जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि चौघींना तिच्याभोवती ठेवलं. या वयाच्या पिल्लाला स्वतःच्या अंगात ऊब धरता येत नाही. भुकेच्या आधी थंडीच मारते. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, मग दूध, कारण गारठलेल्या पोटात दूध पचत नाही. दूधही गाईचं चालत नाही. कुत्रीच्या दुधात चरबी आणि प्रथिनं गाईच्या दुधापेक्षा बरीच जास्त असतात, त्यामुळे नुसत्या गाईच्या दुधावर पिल्लं ढाळतात आणि खंगत जातात. मी कोल्हापूरहून पिल्लांसाठीची दुधाची पावडर मागवली, पण ती हाती पडेपर्यंत दोन दिवस गेले. पाजायचं ते पिल्लू पालथं धरून. आपण तान्ह्या बाळाला घेतो तसं उताणं घेतलं की दूध फुप्फुसात जातं. दर अडीच-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. आणि दर वेळी पाजून झालं की कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने मागून हलकं पुसायचं, कारण पहिले तीन आठवडे पिल्लाला आपणहून लघवीही करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते. इतकी त्यांना आई लागते. इतक्या लहान जिवाला आईपासून तोडून पोत्यात घालणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं मी मनाला सांगत आलो आहे.

दोघी वाचल्या नाहीत. एक तिसऱ्या दिवशी गेली, एक सहाव्या. तिसरी मसूरच्या एका शिक्षक बाईंनी नेली, ती अजून त्यांच्याकडे सुखात आहे. चौथी आमच्याकडे राहिली. चालायला लागली तशी स्वतःभोवती गरगर फिरायची म्हणून तिचं नाव भिंगरी. ती आता सहा वर्षं उलटून गेलेली पोक्त बाई आहे आणि हे पत्र लिहिताना माझ्या खुर्चीच्या पायाशी झोपली आहे.

शिबिरात लोक काय बोलतात ते सांगतो. फॉर्म भरायच्या आधी हात पिल्लाच्या पोटाखाली जातो. "नर हाय का मादी?" मादी म्हटलं की पिल्लू खाली. बहुतेक माणसं भली असतात. उन्हातून मुलाबाळांना घेऊन आलेली असतात, पिल्लासाठी घरून वाटीत दूधभात आणलेला असतो. त्यांची कारणंही खोटी नाहीत. वर्षातून दोनदा माजावर येणार, घरभर रक्ताचे डाग, दारात गल्लीतल्या कुत्र्यांची रांग, शेजाऱ्यांची भांडणं, आणि दोन महिन्यांनी सहा पिल्लं. कोण निस्तरणार? एक बाई मला म्हणाल्या, "भाऊ, मागची होती आमची. दर खेपेला पिल्लं कुठं सोडायची ते मलाच बघावं लागायचं. आता न्हाई होत माझ्याच्यानं." हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. अशा बाईला मी उपदेश करू शकत नाही.

पण त्या दिवशी एक वाक्य असं ऐकलं की त्यासाठीच खरं तर हे पत्र लिहायला बसलो. एक गृहस्थ दोन मुलींना घेऊन आले होते, थोरली दहा-अकराची असेल. तिने काळं, छातीवर पांढरा ठिपका असलेलं पिल्लू उचललं होतं आणि पिल्लाने तिच्या वेणीचं टोक तोंडात धरलं होतं. वडिलांनी पाहिलं, मादी. ते मला म्हणाले, "न्हाई ओ, घरात आधीच सगळ्या बायका. निदान कुत्रं तरी नर असू द्या." सहज बोलले. मनात वाईट काही नव्हतं, दोन्ही मुलींच्या अंगावर नवे स्वेटर होते, प्रेमाने वागवत होते. थोरलीने वडिलांकडे पाहिलं, वेणी हळूच सोडवून घेतली आणि पिल्लू पिंजऱ्यात ठेवलं. काही बोलली नाही. कुत्रीची आणि मुलीची बरोबरी करायचा माझा हेतू नाही, कोणी तसा अर्थ काढू नये. पण ते वाक्य ऐकणारे कान कोणाचे होते, एवढं त्या वडिलांनी आणि आपण सगळ्यांनी पाहायला हवं. आपल्याकडे 'कुत्री' हा साधा शब्दसुद्धा शिवी म्हणूनच राहिला आहे. मादी पाळणारी माणसंसुद्धा पाहुण्यांना "आमचा कुत्रा" असंच सांगतात.

आता त्या कारणांकडे येतो. माज, डाग, रांग, पिल्लं या चारही गोष्टी एका शस्त्रक्रियेने कायमच्या थांबतात. भिंगरीची नसबंदी सहाव्या महिन्यात केली, पहिल्या माजाच्या आधी. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवली, सकाळी नेली, संध्याकाळी गुंगीतच घरी आणली. टाके चाटू नयेत म्हणून पत्नीने माझ्या जुन्या बनियनला चार नाड्या लावून तिला अंगडं शिवलं. दोन दिवस मलूल होती, तिसऱ्या दिवशी भाकरी मागायला लागली, दहाव्या दिवशी टाके काढले. त्यानंतर आमच्या दारात रांग लागली नाही. याचा आणखी एक फायदा कोणी सांगत नाही तो मी सांगतो. नसबंदी न झालेल्या कुत्रींना वय वाढलं की माज येऊन गेल्यावर गर्भाशयात पू होतो. कुत्री खूप पाणी पिते, खात नाही, पोट फुगतं, आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर जाते. गर्भाशयच काढलेलं असलं की तो धोका राहत नाही. पहिल्या माजाआधी केली तर पुढे स्तनात गाठी होण्याचा धोकाही पुष्कळ कमी होतो.

मादी राखण करत नाही हा समज कुठून आला ते मला कळत नाही. मागच्या पावसाळ्यात आमच्या परड्यातल्या सरपणाच्या ढिगात घोणस येऊन बसली होती. भिंगरी चार हातांवर उभी राहून एका सुरात भुंकत राहिली, पुढे गेली नाही, मागे सरली नाही. पत्नी त्या ढिगाकडेच निघाली होती.

आणि नर पाळला की बिनघोर, हाही समज खरा नाही. दिलेल्या प्रत्येक पिल्लाची मी वहीत नोंद ठेवतो. पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनी आणि वर्षाने घरी जाऊन येतो. भाद्रपद लागला की नसबंदी न केलेला नर भिंतीवरून उडी मारतो, साखळी तोडतो, चार-चार दिवस घरी येत नाही. येतो तेव्हा कान फाटलेला, मानेत जखम, जखमेत अळ्या. वहीत ज्या नावांपुढे मला 'गाडीखाली' असं लिहावं लागलं, ती बहुतेक नरांची आहेत. नराचीही नसबंदी करावी लागते, आणि त्याची शस्त्रक्रिया मादीपेक्षा सोपी असते. म्हणजे खर्च आणि काळजी कोणालाच चुकत नाही.

भाद्रपदाचा उल्लेख आला म्हणून सांगतो, आपल्या भागात कुत्र्यांचा मुख्य हंगाम तोच. कुत्रीचे दिवस साधारण त्रेसष्ट. म्हणून दिवाळी झाली की पिल्लंच पिल्लं दिसायला लागतात, ऐन थंडीत, ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रस्त्यावर असताना. कोलकात्याजवळच्या आयसर या संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांवर नजर ठेवून केलेलं काम २०१६ साली प्रसिद्ध झालं. सात महिन्यांपर्यंत जगली ती जेमतेम १९ टक्के, आणि गेलेल्यांपैकी ६३ टक्के माणसामुळे गेली: गाडीखाली, मारून, विष घालून, उचलून नेऊन. माझ्या पुतणीने मला हे मोबाईलवर वाचून दाखवलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. पण या १९ टक्क्यांतल्या ज्या माद्या उरतात, त्याच पुढे मंडईमागे, बसस्थानकामागे, कचरा डेपोवर वितात. त्यातल्या कितीतरी जणी कोणाच्या तरी अंगणातून पोत्यात भरून आलेल्या असतात. भटकी कुत्री वाढली म्हणून आपण नगरपरिषदेला पत्रं लिहितो, तेव्हा त्या कुत्र्यांची आजी कोणाच्या दारातली होती हे विचारत नाही.

दुसऱ्या टोकाची एक गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी पुणे-बंगळुरू महामार्गावर एका ढाब्यामागे लॅब्रेडॉर मादी सापडली. ढाबेवाल्याने फोन केला होता. गळ्यात चांगला पट्टा, नखं वाढून आत वळलेली, ती सिमेंटच्या खोलीत बांधलेल्या जनावराची असतात तशी. आचळं जमिनीला टेकत होती. मी गोठ्यातला माणूस, आचळं पाहून वेतं ओळखतो. हिची पुष्कळ झाली होती. जातिवंत कुत्रीची गोष्ट अशी की ती मादी म्हणूनच विकत घेतली जाते, पिल्लं विकायला. प्रत्येक पिल्लाचे हजारो रुपये. मग वय झालं, पिल्लं कमी झाली की महामार्ग. गाडीचं दार उघडलं की ती धावत यायची आणि आत डोकावून परत फिरायची. प्रत्येक गाडीपाशी. श्वान पैदास आणि विक्रीचे नियम २०१७ सालापासून आहेत. पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायला हवी, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, अठरा महिन्यांच्या आत मादी फळवायची नाही. मोबाईलवर फोटो टाकून पिल्लं विकणाऱ्या किती जणांकडे नोंदणी असते? घेणाऱ्याने एकदा तरी विचारावं, आणि पिल्लाची आई बघायला मागावी. आई दाखवत नसतील तर तिथून उठावं. ती लॅब्रेडॉर आमच्याकडे आठ महिने जगली. तिला आम्ही आईच म्हणायचो.

कायद्याचं म्हणाल तर प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा १९६० चा आहे. उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणं त्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. १९६० साली पन्नास रुपयांना किंमत होती. आज तेवढ्यात दोन माणसांचा नाश्ताही होत नाही. भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात जनावराला ठार मारणं किंवा अपंग करणं याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण पोतं बांधणाऱ्याला पाहिलं कोणी? मी तेव्हा चौकीवर गेलो होतो. हवालदारांनी चहा पाजला, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, नाव कुणाचं लिहू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मला शिक्षेपेक्षा पोतं बांधायची वेळच येऊ नये ही वाट जास्त खात्रीची वाटते.

ती वाट अडते कुठे ते सांगतो, आणि हे संबंधितांनी कृपया मनावर घ्यावं. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ साली आले. त्यांत रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी स्थानिक संस्थेने करायची, आणि पाळीव जनावराचं जंताचं औषध, लसीकरण, नसबंदी मालकाने करायची अशी वाटणी आहे. कागदावर बरोबर आहे. पण आमच्याकडे वस्तीवस्तीवर अशी कुत्री असते जी धड रस्त्यावरची नाही, धड पाळलेली नाही. दिवसभर मोकळी, रात्री एका दारात. भाकरी त्या घरची, पण गळ्यात पट्टा नाही. कुत्री धरायची गाडी आली की मालकीण "आमची हाय" म्हणून सोडवून घेते. आणि खासगी दवाखान्यात नसबंदीला काही हजार रुपये लागतात, ते शेतमजुरी करणाऱ्या बाईने कुठून आणायचे? आवाज भरून आलेल्या त्या बाईंची मागची कुत्री अशीच होती. हीच कुत्री दर दिवाळीला विते, आणि हिचीच पिल्लं पोत्यात जातात.

तालुक्याच्या ठिकाणी पशुसंवर्धन खात्याचं लघु पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. तिथे महिन्यातून एक दिवस फक्त घरच्या कुत्रींच्या नसबंदीसाठी ठेवावा. टेबल आहे, डॉक्टर आहेत. भूल, टाक्यांचा दोरा आणि नंतरची चार दिवसांची प्रतिजैविकं यांचा खर्च नगरपरिषद, पंचायत समिती आणि गावातली मंडळं मिळून उचलू शकतात. आमच्याच जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. कुत्रीची नसबंदी ही प्रत्येक पशुवैद्यकाला शिकावीच लागणारी शस्त्रक्रिया. प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थ्यांचं पथक तालुक्यात आलं तर त्यांचा हात बसेल आणि आमचं काम होईल. खात्यात मी एकतीस वर्षं होतो, अडचणी मला ठाऊक आहेत: माणसं कमी, लसीकरणाची मोहीम, लम्पीसारखी साथ आली की सगळंच बाजूला. तरी महिन्यातला एक दिवस निघतो. दिवस ठरला तर नावं नोंदवून घ्यायला आणि टाके काढायला मी विनामूल्य बसेन, आणि माझ्यासारखे निवृत्त आणखी दोघे-तिघे तयार आहेत.

शिबिरं भरवणाऱ्या तरुण मुलांनाही हात जोडून दोन शब्द. तुम्ही सुट्टीचा दिवस, पदरचं पेट्रोल खर्च करता, त्याचं मला मोल आहे. पण पिल्लू त्याच दिवशी हातात देऊ नका. आधी घर बघा, मग द्या. मादी पिल्लू देताना नसबंदीचा महिना आणि डॉक्टर त्याच अर्जावर लिहून द्या, म्हणजे नेणाऱ्याच्या मनातली निम्मी भीती तिथेच जाईल. पिंजऱ्यात नर-मादी वेगळे करून पाट्या लावू नका. आधी पिल्लू आणि माणूस यांची ओळख होऊ द्या. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात म्हटलं आहे की ज्यांना रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचं आहे त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा, आणि घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची. तो आदेश आला तेव्हा टीव्हीवर नुसते आरडाओरडे झाले. मला त्यातलं हे एक कलम फार महत्त्वाचं वाटलं. पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची हमी शिबिराच्या दिवशी देता येत नाही. वर्षाने त्या घरी गेल्यावरच ती कळते. आपल्या बातमीदारांनाही विनंती आहे की या नऊ घरी पुढच्या संक्रांतीला जावं. मी पत्ते देईन, बरोबरही येईन.

फोटोत उजवीकडून तिसरी, निळ्या स्कार्फमधली मुलगी आहे ना, त्या नऊतली एकमेव मादी तिनेच नेली. महाविद्यालयात शिकते. मी तिला विचारलं, घरचे काय म्हणतील? म्हणाली, "आईनेच सांगितलंय, उरलेलं असेल ते आण." परवा जाऊन आलो. पिल्लू चुलीपुढे पोत्यावर झोपलं होतं, आणि ती आई त्याला उठवू नये म्हणून भाकऱ्या दुसरीकडे थापत होती.

राहिलेल्या सातांपैकी लंगडा नर गेला. ओगलेवाडीचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी स्वतः काठी घेऊन चालतात, ते म्हणाले मला हाच द्या, आमची चाल जुळेल. एक मादी उंब्रजला गेली. पाच अजून आमच्या परड्यात आहेत. दोन तांबड्या, एक करडी, एक पांढरी, आणि ती छातीवर ठिपका असलेली काळी. पाचही जणींना जंताचं औषध दिलं आहे, पहिली लस झाली आहे, दुसरी येत्या रविवारी आहे, रेबीजची तिसरा महिना भरला की. पांढरी बुजरी आहे, तिला लहान मुलं नसलेलं घर बरं. करडी सगळ्यांत आधी ताटलीपाशी येते आणि सगळ्यांत शेवटी जाते. काळीला माणसाच्या अंगाखांद्यावर चढायची सवय आहे, दिसेल ती दोरी तोंडात धरते. सकाळी सात ते दहा मी घरीच असतो. पत्ता आपल्या कचेरीत दिला आहे, विचारणाऱ्याला द्यावा. स्वेटरवाल्या त्या दोन मुलींच्या वडिलांनी हे वाचलं तर त्यांनीही यावं, मुलींना घेऊन यावं. काळी अजून कोणाला दिलेली नाही.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
कराड, जि. सातारा